थंडीने करपलेला पाम: करवत काढण्याआधी शेंडा बघा

पारा शून्याखाली गेला तरी दुसऱ्या दिवशी पाम लगेच करपलेला दिसत नाही. सकाळी झावळ्या नेहमीपेक्षा गडद आणि तेलकट दिसतात, पाती आतून भिजल्यासारखी वाटतात. दुपारपर्यंत त्या लुळ्या पडतात. दोन-चार दिवसांत रंग राखाडी होतो, मग तपकिरी, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत अख्खं झाड वाळून कोळ झालेलं दिसतं. नेमकं इथेच बहुतेक जण करवत काढतात. माझं म्हणणं एवढंच, की थांबा. झावळ्या करपल्या म्हणजे झाड गेलं असं नाही, आणि झावळ्या हिरव्या राहिल्या म्हणजे झाड वाचलं असंही नाही. पामचं जगणं-मरणं ठरतं शेंड्याच्या पोटात दडलेल्या एका कोंबावर, आणि तो कोंब बाहेरून दिसत नाही.

काय कापायचं, काय ठेवायचं, औषध कुठे ओतायचं, किती महिने वाट बघायची, या सगळ्याची उत्तरं त्या कोंबापाशी येऊन थांबतात. म्हणून आधी झाडाची रचना बघू, मग उपाय.

एकच कोंब, तोही आत

आंबा, कडुलिंब, गुलाब यांच्या फांद्यांवर जागोजागी सुप्त डोळे असतात. शेंडा गोठला तर खालचा एखादा डोळा फुटतो आणि झाड पुन्हा वाढीला लागतं. एकखोडी पामला ही सोय नाही. माड घ्या, रॉयल पाम घ्या, नाहीतर कॅनरी खजूर घ्या, खोडाला वाढीचा बिंदू एकच. तो खोडाच्या माथ्याशी, झावळ्यांच्या बुडख्यांनी चहूबाजूंनी वेढलेला असतो. प्रत्येक नवं पान तिथे जन्मतं, न उलगडलेल्या सुईच्या रूपात वर येतं आणि मग पसरतं. एखादी झावळी बाहेर डोकावते तेव्हा तिच्यामागे आत पुढच्या कित्येक पानांची रांग आधीच तयार असते, एकापेक्षा एक लहान. ही रांग आणि तिच्या बुडाशी असलेला कोंब शाबूत असेल, तर वरच्या सगळ्या झावळ्या गमावूनही झाड सावरू शकतं. कोंब कुजला असेल, तर खालच्या झावळ्या महिनोन्महिने हिरव्या राहिल्या तरी त्या शेवटच्याच.

खोडाचंही तसंच. आंब्याच्या सालीखाली पेशींचा एक पातळ थर असतो, तो दर हंगामात नवं लाकूड घालतो. जुन्या नळ्या बंद पडल्या तर नव्या मिळतात. पामला हा थरच नाही. त्याचं खोड म्हणजे काड्यांची मोळी आहे: पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे मऊ गाभ्यात विखरून ठेवलेले. खोडाचा तो भाग तयार होताना ज्या नळ्या बनल्या, त्यांच्यावरच झाडाला आयुष्य काढायचं असतं. वीस-तीस वर्षांपूर्वी बनलेल्या नळीतून आजही पाणी चढत असतं. थंडीने त्यातल्या काही निकामी झाल्या तर बदली येत नाही. खोडावर पडलेली जखमही भरून येत नाही, नुसती सुकते. याचा हिशेब झाड उन्हाळ्यात चुकता करतं. ते पुढे येईलच.

थंडी आत काय करते

पेशीतलं पाणी गोठतं आणि पेशी फुटते, असं सरसकट सांगितलं जातं. बहुतेक वेळा तसं घडत नाही. बर्फ आधी पेशींच्या मधल्या फटींत धरतो, कारण तिथलं पाणी जवळजवळ निव्वळ पाणी असतं. पेशीच्या आतल्या पाण्यात साखर आणि क्षार विरघळलेले असल्यामुळे ते गोठायला आणखी थोडी थंडी लागते. फटीतला बर्फ वाढत जातो तसा तो पेशीतलं पाणी बाहेर खेचतो. पेशी आतून कोरडी पडते, आक्रसते, तिच्या आवरणाला इजा होते. म्हणजे गोठलेलं पान खरं तर तहानेने मेलेलं असतं. पारा अतिशय झपाट्याने उतरला तर मात्र पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, बर्फ थेट पेशीत तयार होतो आणि ती पेशी हमखास जाते. बर्फ वितळला की फाटक्या पेशींतला रस पानात झिरपतो. सकाळी दिसणारा तो भिजका गडद रंग याच रसाचा.

बर्फ न धरताही इजा होते. माडासारख्या पक्क्या उष्ण प्रदेशातल्या झाडाला १० अंश सेल्सिअसखालची थंडी बरेच दिवस मिळाली, तरी झावळ्यांवर तांबूस-तपकिरी डाग पडतात, कोवळी फळं गळतात, वाढ थबकते. शिवाय जमीन गार पडली की मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि वर कोरडा वारा पानांतलं पाणी नेतच राहतो. अशा झावळ्या टोकाकडून वाळत येतात.

नुकसानीचा अंदाज घेताना थंडी कोणत्या जातीची होती हे आठवा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पान आपली उष्णता थेट वर फेकतं आणि आसपासच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतं. अशा रात्रीनंतर आकाशाकडे उघड्या असलेल्या झावळ्या करपतात. छपराच्या किंवा मोठ्या झाडाच्या आडोशाला असलेला त्याच जातीचा पाम, दहा पावलांवर, हिरवागार राहतो. यात कोंब बहुधा वाचतो, कारण तो आत खोल असतो आणि अशी थंडी काही तासांचीच असते. वाऱ्यासोबत येणारी शीतलहर वेगळी. ती दिवसाही हटत नाही, खोड आणि जमीन दोन्ही गार करते आणि बुडख्यांचं पांघरूण ओलांडून कोंबापर्यंत पोहोचते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर आलेली लाट या दुसऱ्या प्रकारची होती. ह्यूस्टनमध्ये पारा उणे १० अंशांच्याही खाली उतरला आणि भर दिवसाही बराच काळ शून्याखाली राहिला. तिथे हौसेने लावलेले क्वीन पाम मोठ्या संख्येने गेले, मेक्सिकन फॅन पामचंही अतोनात नुकसान झालं. त्याच भागातले साबल पाम मात्र बऱ्याच अंशी तगले. थंडी एकच, जात वेगळी.

जातींमधला हा फरक केवढा मोठा आहे याची पुष्कळांना कल्पना नसते. नीडल पाम हा सगळ्यांत चिवट, उणे १५ अंश आणि त्याखालीही जगल्याची उदाहरणं आहेत. विंडमिल पाम उणे १२ च्या आसपास टिकतो. पिंडो पाम आणि भूमध्य सागराकाठचा फॅन पाम साधारण उणे ८ ते १० पर्यंत, कॅनरी खजूर उणे ६-७ पर्यंत. क्वीन पाम आणि मेक्सिकन फॅन पामला उणे ४-५ पासून धोका सुरू होतो, बुटक्या पिग्मी खजुराला उणे २-३ पासून. रॉयल पाम, अरेका, बॉटल पाम, माड हे शून्याच्या अल्याडपल्याडच हात टेकतात. हे आकडे वाढलेल्या, धडधाकट झाडाचे आणि काही तासांच्या थंडीचे आहेत. खोड न धरलेलं लहान रोप याच्या कितीतरी आधी जातं. कुंडीतल्या झाडाची मुळं जमिनीतल्या झाडाच्या मुळांपेक्षा फार लवकर गोठतात, त्यामुळे त्याला हा तक्ता लावूच नका.

सुई ओढून बघणं

गारठा ओसरला, हवा पुन्हा उबदार झाली की पहिलं काम शेंड्याचं. मधोमध उभी असलेली, अजून न उलगडलेली सुई दोन बोटांत धरा आणि हलक्या हाताने वर ओढा. झटका नको, चांगली सुईही झटक्याने तुटते. ती घट्ट असेल तर सोडून द्या आणि दर आठवड्याला पुन्हा बघत राहा, कारण आतली कुज वर यायला वेळ लागतो. सुईचा हिरवा रंग बघून समाधान मानू नये. बुडाशी सुटलेली सुई वरून कित्येक दिवस हिरवीच दिसते.

वाढ चालू आहे की नाही हे कळायला एक साधी युक्ती आहे. न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने सुईवर एक आडवी रेघ काढा आणि तिला लागून असलेल्या जुन्या झावळीच्या देठावर अगदी त्याच पातळीत दुसरी. दहा-पंधरा दिवसांनी बघा. देठ जागचा हलत नाही, सुई मात्र आतून वर ढकलली जाते. सुईवरची रेघ बोटाच्या पेराएवढी जरी वर सरकली असेल तर कोंब जिवंत आहे, मग खालच्या झावळ्या कशाही दिसोत. हवा गार असताना रेघ हलली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. थंडीत पाम वाढतच नाही. ही परीक्षा उबदार दिवस सुरू झाल्यावरची.

सुई हातात आली तर? बुडाकडचं टोक बघा आणि वास घ्या. चांगल्या सुईचं बूड पांढरट-पिवळसर, करकरीत असतं. कुजलेलं बूड तपकिरी, बुळबुळीत आणि घाण वासाचं. ही कुज थंडीने थेट केलेली नसते. थंडीने मारलेल्या मऊ पेशींवर नंतर बुरशी आणि जिवाणू चढतात. फायटोप्थोरा आणि थिलॅव्हिऑप्सिस ही बुरश्यांची नावं यात नेहमी येतात. ती खाली सरकत कोंबापर्यंत पोहोचली तर खेळ संपला. सुई निघाली म्हणजे मात्र खेळ संपला असं नाही, कारण सुई जिथून तुटते त्याच्या खाली कोंब असतो आणि तो अजून निरोगी असू शकतो. हे काही दिवस सोन्याच्या मोलाचे.

सुटलेली सुई पूर्ण काढून टाका. पोकळीतलं पाणी आणि गाळ चमच्याने, कापडाच्या बोळ्याने काढा. मेलेला लिबलिबीत भाग हाताला येईल तेवढा काढा, खरवडून खोल जाऊ नका. मग ताम्रयुक्त औषध पोकळीत ओता, असं की कोंबाच्या भोवतालचा भाग भिजेल. साधं बुरशीनाशक न वापरता तांबंच का, तर बहुतेक बुरशीनाशकं जिवाणूंवर चालत नाहीत आणि तांबं दोघांवर चालतं. कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा कॉपर हायड्रॉक्साईड पुड्यावर दिलेल्या मात्रेत पाण्यात कालवून वापरा. साधारण दहा दिवसांनी एकदा परत, आणि मग बस. तांबं पोकळीत साचत जातं आणि जास्त झालं की कोवळ्या पेशींनाच भाजतं. दर आठवड्याला ओतणाऱ्यांनी वाचलेले कोंब मारल्याचं दिसतं.

घरी करायचं तर बोर्डो मिश्रण आहेच. फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८५ च्या सुमारास द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी (डाउनी मिल्ड्यू) पिएर-मारी-अलेक्सिस मियार्दे यांनी ते पुढे आणलं, आणि आजही माडाच्या कोंबकुजीवर तेच वापरतात. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण. एका झाडासाठी १०-१० ग्रॅम आणि १ लिटर पाणी पुरतं. दोन्ही निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळं विरघळवायचं, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, आणि मग एकत्र करायचं. धातूचं भांडं नको. तयार मिश्रणात लोखंडाचं घासलेलं पातं क्षणभर बुडवून बघा. त्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी आहे, थोडी चुन्याची निवळी आणखी घाला. हे ताजंच वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि माडासारखं उंच झाड असेल तर चढणाऱ्या माणसालाच सांगा.

पामची हौस असणारे बरेच जण ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड ओततात. ते कुजक्या भागावर फसफसतं आणि बरंच काही धुऊन काढतं, त्यामुळे साफसफाईसाठी ठीक आहे. पण ते काही मिनिटांत पाणी होऊन जातं, मागे संरक्षण काहीच उरत नाही. फेस बघून औषध लागू पडलं असं वाटतं, एवढाच त्याचा दोष. ते ओतलं तरी नंतर तांबं घालायला हवंच.

यानंतर पोकळी कोरडी राहिली पाहिजे. पाऊस किंवा दव असेल तर वर तिरकं आच्छादन धरा, बाजूंनी वारा खेळता ठेवून. शेंड्यावर नळी धरून पाणी मारणं पूर्ण बंद. विंडमिल पामसारख्या चिवट झाडांत आणखी एक धाडसी उपाय करतात: कुजलेला शेंडा वरून पातळ-पातळ चकत्या करत, स्वच्छ पांढरा गाभा दिसेपर्यंत आडवा कापायचा. कोंब त्याहून खाली असेल तर काही आठवड्यांत मधून कापल्या टोकाचं पान वर येतं. एक चकती जास्त झाली तर कोंबच कापला जातो. झाड नाहीतरी जाणारच असेल तेव्हाच हा प्रयोग.

करपलेल्या झावळ्या का ठेवायच्या

बघवत नाहीत, मान्य आहे. तरी ठेवा. एक तर थंडीचा दुसरा फेरा आला तर त्याच झावळ्या शेंड्याला पांघरूण होतात. दुसरं, अर्धी करपलेली झावळीही उरलेल्या हिरव्या भागात अन्न तयार करत असते, आणि सुई सावरेपर्यंत झाडाला तेवढाच आधार. तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही: पाम जुन्या झावळ्यांतलं पालाश (पोटॅशियम) काढून नव्या पानांना पुरवतो. हिरव्या-पिवळ्या झावळ्या कापल्या की तो साठा कचऱ्यात जातो, आणि झाड त्याच्या वरच्या झावळ्यांतून पालाश ओढायला लागतं. शिवाय ताज्या कापाच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. तो अशक्त झाडांवरच जास्त बसतो आणि त्याची अळी आतून गाभा पोखरते. गारठ्यातून उठलेल्या पामला भुंगा लागला तर औषधपाणी वाया गेलंच समजा.

म्हणून नियम असा: थंडी पूर्ण सरेपर्यंत काहीच कापायचं नाही. त्यानंतर संपूर्ण तपकिरी, देठापर्यंत वाळलेल्या झावळ्या काढायला हरकत नाही. निम्मी हिरवी असेल तर फक्त मेलेला भाग कातरा. शेंड्याची पोकळी उघडी करून वारा लागावा म्हणून मधल्या एक-दोन कुजक्या झावळ्या आधी काढाव्या लागल्या तर तेवढा अपवाद. रॉयल पामसारख्यांची झावळी आपोआप गळते. ती ओढून सोलू नका. आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना करवत ब्लीचच्या पाण्यात बुडवून घ्या. कॅनरी खजुराला मारणारा फ्युझॅरियम मर रोग करवतीवरून पसरतो.

पाणी आणि खत

झाड आजारी दिसलं की माणसाचा हात खताकडे जातो. गार जमिनीत मुळं झोपलेली असतात, ती खत उचलत नाहीत. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर कोवळी, पाणीदार वाढ होते आणि पुढच्या गारठ्यात तीच आधी जाते. जमीन उबदार होऊन नवी वाढ दिसेपर्यंत खत थांबवा. टॉनिक, संप्रेरक, ‘रिकव्हरी’ लिहिलेल्या बाटल्या यांच्यावर मी तरी पैसे घालणार नाही. पाणी मात्र हवं, बेताने. मातीचा वरचा दोन-तीन इंचांचा थर कोरडा झाला की द्यायचं. झावळ्याच नाहीत तर पाणी उडणार कुठून, हे लक्षात न घेता रोज भिजवलेली मुळं सडतात.

उबदार दिवस लागले की सावकाश विरघळणारं खत द्या. फ्लोरिडा विद्यापीठाचे कृषितज्ज्ञ पामसाठी ८-२-१२ प्रमाणाचं (अनुक्रमे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश) आणि सोबत ४ टक्के मॅग्नेशियम असलेलं खत सुचवतात. यात पालाश नत्राच्या दीडपट आहे आणि स्फुरद नावापुरतं. लॉनच्या गवताचं खत याच्या नेमकं उलट, नत्राने भरलेलं असतं. लॉनमध्ये उभ्या असलेल्या पामना ते आयतंच मिळतं आणि पालाशची कमतरता आणखी वाढते. सूक्ष्म अन्नद्रव्यांत मँगनीजकडे लक्ष हवं. गार जमिनीतून मुळं ते नीट उचलत नाहीत. त्यामुळे थंडीनंतर येणारी नवी पानं लहान, टोकाला करपलेली, कुरळी-विस्कटलेली निघतात. मुळं जागी होईपर्यंत मँगनीज सल्फेट पानांवर फवारणं हा यावरचा सरळ उपाय.

पण प्रत्येक वेड्यावाकड्या पानाला मँगनीजची कमतरता म्हणू नका. थंडीच्या वेळी आत असलेली बारीक पानं काही महिन्यांनी बाहेर येतात तेव्हा ती अपुरी, तुटकी, एका बाजूला पाती नसलेली अशी निघतात. ती जुन्या जखमेची पानं आहेत. त्यांच्यामागून येणारं पान आधीच्यापेक्षा बरं असेल तर काही करायची गरज नाही. पान दर पानागणिक अधिक लहान आणि अधिक करपलेलं येत असेल तर मँगनीज. निरोगी माड उबदार हवेत महिन्याला साधारण एक झावळी काढतो, त्यावरून ही रांग सरायला किती काळ लागेल याचा अंदाज येतो. पूर्ण मुकुट परत यायला एकाहून अधिक हंगाम लागू शकतात.

उन्हाळ्यात अचानक मान टाकणं

आता तो राहिलेला हिशेब. हिवाळा सरला, नवी पानं आली, सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना कडक उन्हाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या झावळ्या एकदम लोंबतात. रोग दिसत नाही, कीड दिसत नाही, मुळाशी पाणी असतं. झालेलं असं असतं, की गोठण्या-वितळण्यात खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकले किंवा आसपासची ऊती मेली, आणि नळ्यांचा एक हिस्सा कायमचा बंद पडला. हवा सौम्य होती तोवर उरलेल्या नळ्या पुरल्या. उन्हाची मागणी वाढली आणि त्या तोकड्या पडल्या. बाकीच्या झाडांनी एव्हाना नवं लाकूड घालून तूट भरून काढलेली असते. पामकडे ते साधन नाही.

यावर औषध नाही. मुळाशी आच्छादन घालून ओलावा एकसारखा ठेवणं, छोटं झाड असेल तर भर दुपारी सावलीचं कापड, एवढंच करता येतं. काही झाडं कमी झावळ्यांवर जमवून घेतात. म्हणून वसंतात सुई सरकली तरी निर्धास्त व्हायचं नाही, पहिला उन्हाळा काढू द्यायचा.

मग हात कधी टेकायचे? उन्हाळा मध्यावर येईपर्यंत सुई सरकली नाही, नवं पान नाही, शेंडा दाबल्यावर मऊ लागतो आणि वास येतो, तर झाड गेलं. उंच झाड असेल तर ते वेळेत उतरवून घ्या, कारण मेलेल्या पामचा मुकुट किंवा वरचं खोड बाहेरून धड दिसत असताना आतून कुजून खाली येतं. पुंजक्याने वाढणाऱ्या जातींना मात्र हा निकाल लागू नाही. अरेका, लेडी पाम, भूमध्य सागराकाठचा फॅन पाम यांची उभी खोडं सगळी मेली तरी जमिनीखालून फुटवे येतात; मेलेली खोडं बुडाशी कापा आणि बुंध्याला हात लावू नका.

जी झाडं वाचतात त्यांच्या खोडावर कधीकधी एक अरुंद पट्टा कायम राहतो, कारण त्या वर्षी कोंब अशक्त होता आणि खोड बारीक बनलं. वरचं खोड पुन्हा जाड होतं, तो पट्टा कधीच भरत नाही. जोराच्या वाऱ्यात झाड तिथून मोडू शकतं, म्हणून असा पाम घराच्या किंवा वाटेच्या अंगाला असेल तर दर वर्षी त्या जागी भेग किंवा मऊपणा आहे का ते तपासा.

पुढच्या हिवाळ्याची तयारी उन्हाळ्यातच होते, कारण पालाश पुरेसं मिळालेलं झाड थंडी जास्त सोसतं. थंडीचा इशारा आला की आदल्या दिवशी जमीन भिजवा. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. झावळ्या वर गोळा करून सैल बांधा, शेंडा आणि खोडाचा वरचा भाग श्वास घेणाऱ्या कापडात गुंडाळा. प्लास्टिक पानाला टेकलं तर टेकलेली जागा हमखास गोठते. आत जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब लावला तर काही अंशांचा फरक पडतो. एलईडीचा उपयोग नाही, तो तापतच नाही. बल्ब कापडाला टेकू देऊ नका. कुंडी उचलता येत असेल तर आत घ्या, पण हीटरजवळ नको आणि दुसऱ्या दिवशी थेट उन्हात तर मुळीच नको. पारा शून्याच्या वर आला की गुंडाळलेलं सगळं सोडा, कारण बंद कापडाखाली दमट राहिलेल्या शेंड्याला तीच कोंबकुज लागते.